उपकेंद्रामागच्या दोन खोल्या

गणपती उठले, त्याच आठवड्यात हौसामावशीचा फोन आला. कशी आहेस, पोरं कशी आहेत, हे विचारायची तिला सवय नाही. म्हणाली, "नवी शिस्टर आलीया. पोरगी गुनाची हाय. पन ती राहायची न्हाई. तू ये आन समजाव तिला."

मी म्हटलं, मावशी, मी वलवणच्या शाळेत शिकवते. आरोग्य खात्यात माझं कोण ऐकणार?

"खात्याचं कोन बोलतंय? तुजी आय राहिली का न्हाई? तेवडंच सांग तिला." आणि फोन ठेवला.

हौसामावशी आता ऐंशीच्या घरात आहे. पवनानगरच्या पुढे, धरणाच्या पाण्याला वळसा घालत एक रस्ता जातो, त्या रस्त्यावरच्या एका गावात ती राहते. गावाचं नाव इथे लिहीत नाही. माझी आई त्या गावच्या उपकेंद्रात नर्स होती आणि माझं सगळं बालपण उपकेंद्रामागच्या दोन खोल्यांत गेलं, एवढं सांगितलं की पुरे. मावशीचं घर रस्त्याच्या पलीकडे, बरोबर आमच्या दारासमोर.

रविवारी कामशेतहून जीपनं गेले. काठावरच्या ज्या खाचरांत पूर्वी इंद्रायणी भात डुलायचा, तिथे आता निळे-केशरी तंबू ओळीनं उभे होते आणि मधूनच कुणाच्या तरी स्पीकरचा ठोका ऐकू येत होता. उपकेंद्राला नवा पिवळा रंग दिला होता, बाहेर मोठी पाटी लागली होती. नवी सिस्टर वरच्या धनगरवाड्यावर लस द्यायला गेली होती; दुपारी येईल, असं तिथल्या आशाताईंनी सांगितलं. मी मागच्या बाजूला गेले. पिवळा रंग पुढच्या भिंतीपुरताच होता. मागे आमच्या खोल्या तशाच होत्या, शेवाळानं काळ्या पडलेल्या. खिडकीला नाक लावलं तर वास आला. ओल्या भिंतीचा, स्पिरिटचा आणि नुकत्याच उतरवलेल्या भाताचा. एवढी वर्षं गेली, माणसं बदलली, पण त्या खोल्यांचा वास बदलला नव्हता. मी तिथेच पायरीवर बसले.

आम्ही आलो ते एका जीपच्या टपावर ट्रंक आणि पितळी स्टोव्ह बांधून. मी बालवाडीच्या वयाची होते. आई उदगीरकडची. वडील तिकडे एका शाळेत शिपाई होते, आजीला घेऊन तिकडेच राहणार होते. जीप थांबली तेव्हा बायका समोरच्या ओट्यावर उभ्या होत्या. कुणी पुढे आलं नाही. सामान किती उतरतंय, तेवढं त्या बघत होत्या. थोडं सामान म्हणजे थोडे दिवस, असं त्या गावचं गणित होतं, हे मला पुढे कळलं. शेवटी एक उंच, काळीसावळी बाई रस्ता ओलांडून आली. पाणी हवं का, जेवलात का, असलं काही तिनं विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, "किती दिस राहनार?"

आई म्हणाली, "आलाव तर राहताव की."

"समद्या असंच म्हनत्यात," असं म्हणून ती बाई परत गेली. ती हौसामावशी.

त्या खोल्यांत आमच्या आधी राहून गेलेल्या सगळ्या बायका अजून थोड्या थोड्या उरल्या होत्या. न्हाणीच्या दारावर टिकल्या चिकटवलेल्या, लाल, मरून, एक हिरवी. भिंतीत कुणीतरी ठोकलेले पाळण्याचे हूक. चौकटीवर कुणाच्या तरी मुलाची उंची पेन्सिलीनं नोंदलेली. दोन रेघा आणि मग नुसतं लाकूड. मी त्या रेघांपाशी उभी राहून विचार करायची, दुसऱ्या रेघेनंतर ते मूल कुठे गेलं असेल. आईनं माझी उंची तिथे कधी नोंदली नाही. ट्रंकही पूर्ण रिकामी केली नाही. तळाशी दोन चांगल्या साड्या आणि आजीनं दिलेली गोधडी कायम घडी घालून असायची. ट्रंक उघडली की डांबराच्या गोळ्यांचा वास यायचा आणि झाकण बंद होईपर्यंत मी तिथून हलायची नाही.

गाव आईवर संशय घ्यायचं. ही पगार इथला घेते आणि शनिवारी पळते, असा पहिला संशय. नवरा दिसत नाही, हा दुसरा. आडनाव काय, हा तिसरा, आणि तो कुणी बोलून दाखवायचं नाही. उपकेंद्राच्या पाटीवर आडनाव नव्हतं, सगळे सिस्टर म्हणायचे, पण गावाला आडनाव कळायला वेळ लागत नाही. मग आबांच्या घरी, म्हणजे गावातल्या सगळ्यांत मोठ्या जमीनदाराच्या घरी, आई सुनांना तपासायला गेली की चहा बाहेरच्या ओट्यावर, कान तुटलेल्या वेगळ्या कपातून यायला लागला. आई तो चहा घ्यायची नाही. आत्ताच झाला म्हणायची. घरी आल्यावर हात धुता धुता स्वतःशीच बोलायची, "सुई चालती, पानी चालत न्हाई." आणि बौद्धवस्तीतल्या बायका दुसऱ्याच कारणासाठी लक्ष ठेवून असायच्या. आपली म्हणून आलीय खरी, पण लशीचा डबा घेऊन आधी आबांच्या वाड्याकडे वळते की आपल्याकडे, हे त्या बघायच्या. आई दोन्ही बाजूंना ओळखून होती. एक महिना वरून सुरू करायची, एक महिना खालून.

माझी मात्र चंगळ होती. हौसामावशी मला जवळ बोलावून पावट्याच्या उकडलेल्या शेंगा द्यायची आणि हळूच विचारायची, "आय कुटं जानार-बिनार हाय का? ट्रंक भराया लागली तर मला आदी सांगायचं." घरी आले की आई विचारायची, "मावशी काय म्हनायली व्हती?" मी दोघींनाही काही सांगायची नाही. सांगण्यासारखं काही नसायचंच. पण दोन मोठी माणसं आपल्याकडून काहीतरी काढून घेऊ बघताहेत, याचा मला फार अभिमान वाटायचा.

मावशीच्या घरात एक फोटो होता, वेणीत अबोलीचा गजरा माळलेल्या मुलीचा. तो कुणाचा हे मी विचारलं नव्हतं. आईला दुसऱ्या वर्षी कळलं. तिची एकुलती एक मुलगी, चंद्रा. बाळंतपणाला माहेरी आली होती. तेव्हा उपकेंद्राला कुलूप होतं. आधीची नर्स बदली घेऊन गेलेली, नवी यायची होती. चंद्राला डोलीत घालून खाली नेईपर्यंत सगळं संपलं. आईनं हे मला सांगितलं नाही, गावच्या दाईशी ती बोलत असताना मी ऐकलं. त्या दिवसापासून आई मावशीकडे रोज जायला लागली. दुपारची कामं आटोपली की दोघी ओट्यावर बसून तांदूळ निवडायच्या. फारसं बोलायच्या नाहीत. मावशी आईच्या हातचं पाणी प्यायची. गावात पहिल्यांदा तीच प्यायली, उघड, ओट्यावर बसून.

मग ती आषाढातली सकाळ आली. पाऊस आठवडाभर थांबला नव्हता. आमच्या खोल्यांत ढग यायचे, खरंच यायचे, एका खिडकीतून शिरून दुसऱ्या खिडकीतून जायचे आणि दोरीवरचे आईचे पांढरे कपडे आणखी ओले करून सोडायचे. आबांची धाकटी सून अडली होती. आई जाऊन बघून आली आणि म्हणाली, हिला इथे सोडवायचं नाही, पाण्यापलीकडच्या दवाखान्यात न्यायचं. रस्ता दरड येऊन बंद झाला होता. आई म्हणाली, होडीनं नेऊ.

आबांच्या ओसरीवर माणसं जमली. आबा म्हणाले, बाई हात झटकतीय, काही झालं तर आपल्या माथी नको म्हणून पाण्यात घालायला निघालीय. त्यांचा मोठा मुलगा म्हणाला, हिला बाळंतपण येतं तरी का, ते विचारा. आई उंबऱ्याबाहेर पावसात उभी होती. ती रडेल असं मला वाटलं. पण ती एवढंच म्हणाली, "मी बसते तिच्यासंगं. ती बुडाली तर मीबी बुडाले." तेवढ्यात हौसामावशी डोक्यावर इरलं घेऊन आली आणि कुणालाही न विचारता सुनेला दंडाला धरून उठवायला लागली. मग माणसांनी वाट सोडली.

होडी निघाली ती मी काठावरून पाहिली. धुक्यात आधी माणसं दिसेनाशी झाली, मग वल्ह्याचा आवाज. त्या आवाजाची मी पुढे कितीतरी वेळ वाट बघत बसले होते. संध्याकाळी पलीकडून निरोप आला, मुलगा झाला, बाई सुखरूप आहे.

त्यानंतर आबांच्या घरून नारळ, साडी, पाच पायल्या तांदूळ आले. आईला आत, माजघरात बोलावून चांगल्या कपात चहा दिला. आई प्यायली. पण घरी येताना तिचा चेहरा उजळलेला नव्हता. मी विचारलं, तर म्हणाली, "बाहेर बसवलं की मानूस कवाबी उठून जाऊ शकतंय. आत बसवलं की उठता येत न्हाई." मला कळलं नाही. मी त्या तांदळाच्या वासात होते.

त्या वर्षानंतर गाव फार चांगलं वागायला लागलं. पहाटे दारात दुधाचा तांब्या असायचा, कुणी ठेवला ते कळायचं नाही. करवंदं, रानभाज्या, पवनेचे मासे. आईला हे सगळं घ्यायचा संकोच वाटायचा. ती दुधाकडे आधी लांबून बघायची. कुणाचं काम अडलंय, असं म्हणायची. मी मात्र साय खायची.

आणि मग बदली झाली. आईनं उदगीरसाठी अर्ज केला होता, ते मला माहीत होतं. एके दिवशी आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी तिला मीटिंगनंतर थांबवून सांगितलं, तुमचं काम झालं, पुढच्या महिन्यात मोकळ्या व्हाल. आई पवनानगरहून पायी चालत आली. जीप होती तरी चालत आली. येताना भेळ आणली. आम्ही दोघींनी पायरीवर बसून ती खाल्ली आणि आई गाणं म्हणत होती. मी तिला गाताना त्याआधी ऐकलं नव्हतं. तिनं ट्रंक बाहेर काढून उन्हात ठेवली. गावात कुणालाही सांगायचं नाही, अशी मला ताकीद दिली. मी कुणाला सांगितलं नाही. पण हौसामावशीला न सांगता जाणं आईला जमेना. ती एका दुपारी तिच्याकडे गेली आणि बऱ्याच वेळानं आली. डोळे लाल होते. मावशीनं तिला आपली नथ देऊ केली होती, आईनं घेतली नव्हती, असं म्हणाली.

महिना गेला. आदेश आला नाही. मग कळलं, रद्द झाला. का, ते कुणी सांगितलं नाही. डॉक्टर म्हणाले, वरून आलंय. आईनं ट्रंक परत आत ओढली. ओढताना फरशीवर जो आवाज झाला, तो मला अजून आठवतो.

तिनं कुणाकुणावर संशय घेतला नाही! डॉक्टरांवर घेतला, कार्यालयातल्या कारकुनावर घेतला, तिच्या जागी उदगीरला ज्या बाई राहिल्या त्यांच्यावर घेतला. आणि शेवटी वडिलांवर. बदलीची बातमी कळवली तेव्हा ते फारसे खूश वाटले नव्हते म्हणे. खोली बघा म्हणून निरोप दिला होता तर त्यांनी बघितली नव्हती. आता काय घाई आहे, पोरीची शाळा तिकडे चालू आहे, असं म्हणाले होते. एवढ्याशा धाग्यावरून तिनं ठरवलं की वडिलांनीच कुणाच्या तरी हातापाया पडून ती बदली थांबवली. त्यांना ती आलेली नको होती. वडील दिवाळीला आले तेव्हा दोघं आतल्या खोलीत दार लावून बोलले. बाहेर मी फुलबाज्या लावत होते. दुसऱ्या दिवशी ते गेले. मग आजी वारली, तिला शेवटी सुनेला बघायचं होतं असं कळलं, आईला रजा मिळायला उशीर झाला. त्यानंतर वडील येईनासे झाले. भांडण असं काही नव्हतंच. पण ते दोघं पुन्हा एका घरात राहिले नाहीत.

आणि माझी सगळी चांगली वर्षं ती नंतरचीच आहेत. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. पाण्यात पाय सोडून बसणं, करवंदीच्या जाळीत हात ओरबाडणं, पोलिओच्या रविवारी लशीच्या डब्यातला वितळत चाललेला बर्फ गालाला लावणं, कातळावर सोनकी फुलली की हौसामावशीबरोबर डोंगर चढून जाणं, मळणीच्या वेळी सगळ्या गावाच्या अंगाला येणारा भाताचा गोड वास. आईच्या कपाळावरची आठी दर वर्षी खोल होत गेली आणि मी दर वर्षी त्या गावची जास्त होत गेले. बोलायला लागले ती त्यांच्यासारखी. आई कधी कधी म्हणायची, तू माझी न्हाईस, मावशीची हाईस. पुढे आईची नेमणूक कामशेतजवळच्या कान्ह्याला झाली, तिथूनच ती निवृत्त झाली, माझ्याकडे वलवणला राहिली, इथेच गेली. वडील तिच्या आधी गेले. त्यांच्याबद्दल ती शेवटपर्यंत एकच वाक्य बोलायची, "एकदा विचारायचं तरी व्हतं त्यांनी."

"हितं काय बसलीयास, घरात ये की," हौसामावशीची हाक आली. कमरेत वाकली होती, पण डोळे तसेच, समोरच्या दारावर रोखलेले. तिनं चुलीवरचा काळा चहा दिला. मी विचारलं, नवी सिस्टर जाणार असं तुला कुणी सांगितलं?

म्हणाली, सांगायला कशाला पायजे. खोलीत एकच पातेलं हाय. कापडं बॅगेतनंच काढती, बॅगेतच ठेवती. लगीन ठरलंय म्हनं तिकडं वाशिमाकडं. मग चहाची बशी खाली ठेवून ती सहज बोलावं तसं बोलली, "तुज्या आयच्या टायमाला बरं हुतं. आबा हुते. मी गेले त्यांच्याकडं, म्हनलं बाई निघाली, आवरा. त्यांनी वर शब्द टाकला, झालं काम. आता आबा न्हाईत. आन समदं कंप्युटरवर असतंय म्हनं. कुनाचा शब्द चालत न्हाई. म्हनून तुला बोलावलं."

मी कप हातात धरून बसले होते. मला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. विचारलं, आईची बदली तू रद्द करवलीस?

"मी कशाला? आबांनी."

"पण तू सांगितलंस."

"व्हय," ती म्हणाली. तिच्या आवाजात काही बदल नव्हता. चंद्राच्या फोटोकडेही तिनं बघितलं नाही, बघितलं असतं तर मला बरं वाटलं असतं. म्हणाली, "मग काय करायचं हुतं मी? तू सांग. ती गेल्यावर पुन्यांदा कुलूपच लागनार हुतं. कोन येत हुतं हितं?"

आईनं वडिलांवर संशय घेतला होता, हे मावशीला माहीत होतं का? मी विचारलं. तिनं बोटांनी बशीची कड पुसली. मग म्हणाली, "ठावं हुतं. रोज रडायची हितं बसून. मी काय सांगनार?"

मला राग यायला हवा होता. आला असेलही. पण त्याला बसायला जागा नव्हती, कारण मधल्या सगळ्या वर्षांनी ती जागा अडवली होती. पावट्याच्या शेंगा, सोनकीचा डोंगर, दारातला दुधाचा तांब्या. दूध कोण ठेवत होतं, तेही आता मला कळत होतं. आई त्या तांब्याकडे लांबून बघायची ते बरोबर होतं. ज्या एकाच माणसावर तिनं कधी संशय घेतला नाही, त्याच्यावरच घ्यायला हवा होता. आणि माझं बालपण, ज्याचा वास मी मघाशी खिडकीला नाक लावून घेत होते, ते मला कुणीतरी दुसऱ्या घरातून उचलून आणून दिलेलं होतं. उदगीरच्या कुठल्या तरी दोन खोल्यांत आई, वडील, आजी आणि मी, असं एक घर व्हायचं होतं. ते कसं झालं असतं ते मला डोळ्यांपुढे आणता येईना. तिथले वास मला माहीतच नव्हते.

दुपारी नवी सिस्टर आली. विशीतली, सडपातळ मुलगी, खांद्याला लशीचा डबा, पायांत चिखलानं भरलेले बूट. नाव प्रज्ञा. आता या मुलींना पदवी लागते, पदही मोठं असतं, पण गाव सिस्टरच म्हणतं. तिनं मला आत बोलावलं. एकच पातेलं होतं, मावशी खोटं बोलत नव्हती. कोपऱ्यात तांदळाचं पोतं, लोणच्याची बरणी, तुपाचा डबा होता. यातलं काही उघडलेलं नव्हतं.

तिनं मला पाणी दिलं आणि समोर उभी राहिली. बसली नाही. म्हणाली, "तुम्हाला त्या समोरच्या आजींनी पाठवलं ना?"

मी म्हटलं, हो.

"मला वाटलंच." मग म्हणाली, "इथं कुणी वाईट वागत नाही मॅडम. सगळे फार चांगले वागतात. मला त्याचीच भीती वाटते. तुमची आई इथं खूप वर्षं राहिली म्हणतात. आजी तर सारखं सांगतात, त्या बाईनं गावासाठी घर सोडलं. खरं आहे का?"

मी खिडकीकडे बघत होते. पलीकडच्या ओट्यावर मावशी आमच्याकडे तोंड करून बसली होती. तिला इथलं ऐकू येणं शक्य नव्हतं, तरी मी आवाज खाली आणला.

"सोडलं नाही. तिला जायचं होतं," मी म्हटलं. आणि मग सगळं सांगितलं, जे मला स्वतःला त्याच दिवशी कळलं होतं. प्रज्ञा ऐकता ऐकता खाली बसली. शेवटी तिनं विचारलं, मग मी काय करू? मी म्हटलं, ते मी सांगणार नाही. इथली माणसं खोटी नाहीत, त्यांना तुझी गरज आहे ती खरी आहे. राहावंसं वाटलं तर राहा, भांडीकुंडी आण, माझ्याकडे वलवणला येत जा. "पण जायचं ठरलं, तर आदेश हातात पडेपर्यंत कुणाला सांगू नकोस. जी सगळ्यांत जवळची वाटेल, तिला तर नाहीच."

तिनं मान हलवली. माझ्यावरही तिचा पूर्ण विश्वास बसलेला नव्हता, हे तिच्या डोळ्यांत दिसत होतं. मला ते बरं वाटलं.

रस्ता ओलांडून आले तेव्हा मावशीनं विचारलं, काय म्हणाली? मी म्हटलं, बघते म्हणाली. मावशी माझ्या तोंडाकडे टक लावून बघत राहिली. लहानपणी शेंगा देताना बघायची तसं नाही, आई जीपमधून उतरली त्या दिवशी बघत होती तसं. जीप आली आणि मी निघाले. तिनं पिशवीभर पावटे दिले, ते मी घेतले.

दिवाळीनंतर प्रज्ञाचा फोन आला. काम झालं होतं, दुसऱ्या दिवशी सकाळी निघणार होती. तुम्हालाच सांगतेय, म्हणाली. मी तिला नीट जा म्हटलं. त्या रात्री झोपताना एकदा वाटलं, मावशीला कळवावं. नाही कळवलं.

दोन दिवसांनी मावशीचा फोन आला.  तिनं विचारलं, "तुला ठावं हुतं?"

मी म्हटलं, "हो."

ती चिडेल, शिव्या देईल असं मला वाटलं. आई गेल्यावर या जगात मला शिव्या देण्याचा हक्क असलेली ती एकटीच उरली आहे. पण ती चिडली नाही. मागे कुठेतरी कोंबड्या ओरडत होत्या, तंबूवाल्यांचा स्पीकर वाजत होता. आबांचा नातू, तोच होडीतून पलीकडे जाऊन जन्मलेला, त्याची बायको पोटुशी आहे, सातवा चालू आहे, असं तिनं सांगितलं. समोरच्या दाराला मोठं कुलूप लावलंय, असं सांगितलं.

मग म्हणाली, "दुसरी कवा येनार, तेवडं तरी इचारून ठेव."